लहानूचा सांगावा

"बरे आहेत," देवाजी म्हणाला, आणि मग हातातल्या समोशाकडे पाहत राहिला.

प्रश्न तसा साधाच होता. नागपुरात बर्डीवरच्या एका थिएटरात रविवारी सकाळी फिल्म सोसायटीचा खेळ असायचा. गोपाळरावांकडे एक पास जास्तीचा होता आणि तारघरात दोघांची टेबलं शेजारीशेजारी, म्हणून ते देवाजीला सोबत घेऊन आले होते. मध्यंतरात व्हरांड्यात उभं राहून गोपाळरावांनी रुमालानं डोळे पुसले. हसूनहसून त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. पुसतापुसताच त्यांनी विचारलं, "वडील कसे आहेत हो तुमचे? पारशिवनीकडेच असतात ना अजून? त्यांना आणायला पाहिजे होतं आज. त्यांची ती मांडवातली गोष्ट तुम्ही रामटेकला सांगितली होती ना, तीच की हो ही." आता यावर माणसानं सरळ सांगावं, की वडील गेले, संक्रांतीनंतर गेले, तुम्हाला सांगायचं राहून गेलं. दोन वाक्यांचं काम. समोरच्यानं अरेरे म्हणावं, खांद्यावर हात ठेवावा, चहा गार व्हावा, संपलं. पण देवाजीच्या तोंडून निघालं "बरे आहेत", आणि गोपाळराव "छान, छान" म्हणत चहावाल्याकडे वळले. बापाला जाळून चार महिने होत आले होते आणि बर्डीच्या त्या व्हरांड्यात तो बरा होता. देवाजीला वाटलं, आपली जीभ आपली नाहीच मुळी, ती आईकडून आलेली आहे. आईचं नाव मनात आलं तसा समोसा त्यानं कागदासकट टोपलीत टाकला.

सिनेमा अमेरिकेतला होता. इंग्रजी उच्चार निम्मे कळत नव्हते, पण गोष्ट कळायला भाषा लागत नव्हती. एका गावात एक म्हातारा गोरा जमीनदार मरतो. त्याच्या घरची जुनी रीत अशी, की मयताची खबर टपालानं द्यायची नाही, घरच्या काळ्या नोकरानं उंच टोपी घालून, खेचरावर बसून, नातेवाइकांच्या दारोदार जाऊन द्यायची. नोकरही म्हाताराच. तो निघतो. पहिल्या दारी त्याला पाहताच कुत्री सोडतात, तो झाडावर चढतो आणि तिथून खबर द्यायला तोंड उघडतो, तर खाली कुत्र्यांचा हा गोंधळ. दुसऱ्या दारी बाईला वाटतं हा मागायला आला, ती त्याच्या हातात जुने बूट देते आणि दार लावून घेते. तिसऱ्या घरी मेजवानी असते. तिथं त्याला कुणी विचारतच नाही, कुणीतरी हातात तबक देतो आणि म्हातारा रात्रभर पाहुण्यांत तबक फिरवत राहतो. दर वेळी वाकून सांगायला जातो, "साहेब, आपले बंधू," आणि साहेब तबकातला ग्लास उचलून पुढे सरकतो. थिएटर हसून लोळत होतं. देवाजी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला होता. इतका, की पुढच्या रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं. कितीतरी दिवसांनी हसला होता तो, बरगड्या दुखेपर्यंत. त्याला हसू जास्त येत होतं कारण त्याला वाटत होतं, हा वेडा नुसतं तबक काय फिरवतो, माझ्या बापानं तर आधी पोटभर खाल्लं असतं.

खाल्लंच होतं. बापाची ती गोष्टच होती. लहानू गावकीची कामं करणारा, आणि गावात पाटलाघरी, कुणब्यांघरी कोणी मेलं की मौतीचा सांगावा घेऊन सोयऱ्यांच्या गावोगाव त्यानं पळायचं, ही पिढ्यांची रीत. ऊन म्हणायचं नाही, अंधार म्हणायचा नाही. तिथं पोचलं तरी गल्लीत शिरायची सोय नाही, लांबूनच हाळी द्यायची. एकदा म्हणे तो असाच पाटलाचा सांगावा घेऊन पाटलाच्या बहिणीच्या गावी गेला, तर तिच्या घरी पोरीचं लग्न. मांडव पडलेला, वाजंत्री लागलेली. लहानूनं लांबून हाळी द्यायला तोंड उघडलं, तर कोणीतरी ओरडलं, "आला का रे जेवायला? बस तिकडं, पंगत उठल्यावर वाढतो." लहानू उकिरड्याच्या बाजूला बसला. बसूनबसून त्यानं विचार केला, की आत्ता सांगितलं तर मांडवात रडारड होईल, अन्न वाया जाईल, आणि आपण दिवसभराचे उपाशी. पाटील काही परत येत नाही. मग पत्रावळ आली. त्यानं बुंदी खाल्ली, वरण-भात खाल्ला, वर आणखी मागून घेतला, ढेकर दिला, आणि मग हात धुऊन, उभा राहून हाळी दिली. बाप ही गोष्ट सांगताना आपल्याच पोटावर हात फिरवायचा, पंगत वाढणाऱ्याचा आवाज काढायचा, आणि शेवटची हाळी अशा सुरात द्यायचा की आळीतली माणसं भिंतीला टेकून हसायची. देवाजी लहानपणापासून ती गोष्ट ऐकून हसत आलेला. आई तेवढी हसायची नाही. चुलीपाशी पाठ करून बसायची आणि म्हणायची, "झालं का तुह्यं सोंग?"

आणि हीच गोष्ट त्यानं तारघरच्या सहलीत सांगितली. जानेवारीतला रविवार होता. रामटेकला जाऊन, देवळाच्या पायऱ्या चढून उतरून, सगळे खाली झाडाखाली जेवायला बसले होते. कोणी गाणं म्हटलं, कोणी नकला केल्या. गोपाळराव म्हणाले, "देवाजी, तुम्ही काय एवढे गप्प?" तेव्हा त्याला काय वाटलं कोण जाणे. चांगुलपणाच्या भरात, आपणही यांच्यातलेच आहोत या खुशीत, त्यानं बाप काढला आणि त्यांच्यापुढे नाचवला. पोटावर हात फिरवला, ढेकर दिला, हाळी दिली. सगळे पोट धरून हसले. एका साहेबानं तर टाळी दिली, खरी, हाताला हात लावून. घरी येईपर्यंत देवाजी त्या टाळीच्या धुंदीत होता. पुढे कधीतरी गावी गेल्यावर त्याला कळलं की तोच रविवार. रामटेकच्या त्या झाडापासून बसनं तासाभराच्या गावात, साधारण त्याच वेळी, लहानूला उचललं होतं.

मध्यंतर संपलं. अंधारात गोपाळरावांच्या शेजारी बसून देवाजी पडद्याकडे पाहू लागला, पण आता त्याला हसू येईना. लोक हसत होते त्या जागा त्याला दिसत होत्या, इथं हसायचं असतं एवढं कळत होतं. त्याला सारखी ती पाटलाची बहीण दिसू लागली. इतक्या वर्षांत ती त्याला कधीच दिसली नव्हती. गोष्टीत तिला जागाच नव्हती, गोष्ट बापाच्या पोटाची होती. पण ती तिथं मांडवात असणारच ना. डोक्यावर पदर घेऊन मंगलाष्टकांना उभी राहिली असेल, विहिणीशी थट्टा करत असेल, गाणी म्हणत असेल, आणि तिचा भाऊ तिकडे मरून पडलेला, आणि ते जाणणारा एकटा माणूस उकिरड्यापाशी बुंदी खातोय. तिला नंतर कळलं असेल की सांगावा दुपारीच दारात येऊन बसला होता, तेव्हा तिनं आपल्या हसण्याचं काय केलं असेल? आपण आपल्या त्या टाळीचं काय केलं? तळहात त्यानं पँटीला पुसला. पडद्यावर शेवटी एकदाचे सगळे नातेवाईक जमले होते. वर्तमानपत्रात वाचून आले होते. कबर त्या म्हाताऱ्या नोकरानं एकट्यानंच खणून, बुजवून टाकलेली. मेलेल्याचा भाऊ त्याच्यावर डाफरला, आम्हाला आधी सांगायला काय झालं होतं तुला? म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि म्हणाला, चुकलं साहेब, माझा आवाज लहान आहे. थिएटर हसलं, दिवे लागले.

"काय सिनेमा आहे," बाहेर पडताना गोपाळराव म्हणाले. मनापासून म्हणाले, माणूस वाईट नव्हता. "त्या लोकांची कमाल आहे बुवा. माणूस समोर उभा आहे, बोलून राहिलाय, आणि ऐकू येत नाही यांना. आपल्याकडे कितीही झालं तरी इतकं नाही हो, काय?" ते स्कूटरपाशी गेले. देवाजी त्यांच्या मागून गेला आणि म्हणाला, "गोपाळराव, माझे वडील वारले." त्याच वेळी त्यांनी किक मारली. "काय म्हणालात?" त्यांनी स्कूटरचा आवाज कमी न करता विचारलं. देवाजी म्हणाला, "काही नाही. ऊन फार आहे, जपून जा."

ऊन खरंच फार होतं. सदरवरून कडबी चौकाकडे सायकल मारताना त्याला समोरचा रस्ता पांढरा दिसत होता. तारघरात मौतीची तार आली की बाकीच्या तारा बाजूला सारून ती आधी सोडायची, असा खात्याचा नियम. इतक्या वर्षांत कुणाकुणाच्या मौती त्याच्या बोटांखालून गेल्या होत्या. फादर एक्स्पायर्ड, स्टार्ट इमिजिएटली. आणि त्याच्या बापाची तार कोणी केलीच नाही. थंडी सरत आली होती तेव्हा तो बर्डीवरून एक जाड ब्लँकेट घेऊन गावी गेला. बसमधून उतरून आळीत शिरला, तर शेजारचा धोंडबा त्याला पाहून उभा राहिला. "आत्ता येऊन राहिला का गा?" म्हणाला, आणि तिथंच त्यानं सांगितलं. "मी येतो म्हनलं होतं तुले घ्यायले. बस समोर उभी होती. पन तुही माय आयकेना." देवाजीनं घरात जाऊन आईला विचारलं होतं, "काहून नाही कळवलं मले?" बायजाबाई त्याच्याकडे न पाहता म्हणाली होती, "आपल्या घरातून सांगावा जात नाही. तुले माहीत नाही काय?" बस्स, एवढंच. त्यानं ब्लँकेट खाली ठेवलं, आईला पिशवीसकट उठवलं, नागपुरात इंदोऱ्याला आपल्या दोन खोल्यांत आणून बसवलं, आणि त्यानंतर तिच्याशी बोलणं टाकलं. जेवली का, औषध घेतलं का, एवढं बोलायचा, तेही भिंतीकडे बघून. त्याची बायको प्रेमिला दोघांच्या मधे निरोप्यासारखी फिरायची. ती एकदा म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाशी असं करून राहिले तुम्ही, बरं नाही दिसत." त्यावर तो तिच्याशीही दोन दिवस बोलला नाही.

माहीत नसायला काय झालं. छप्पनच्या दसऱ्याला तो बापाच्या बाजूलाच उभा होता. सोळा वर्षांचा होता. दोघांनी पांढरे कपडे घातले होते, बापाचं धोतर निळीनं जरा जास्तच निळं झालं होतं. लाखो माणसांत हात वर करून दीक्षा घेतली आणि परतताना चालताचालता बाप म्हणाला, "आता या पायानं कोनाच्या मौतीचा सांगावा नेनार नाही. माह्या घरातून कोनीच नेनार नाही." त्याच हिवाळ्यात नव्या पाटलाची आई मेली. सकाळीच पाटलाचा माणूस आळीच्या तोंडाशी येऊन ओरडला, "लहानू, चाल, तीन गावं आहेत." बाप दोर वळत होता. वळतच राहिला. "मालकाले सांगा," म्हणाला, "पाय आता माहे आहेत." त्याची किंमत बापानं कमी आणि आईनं जास्त भरली, हेही देवाजीला माहीत होतं. आळीला गावात काम मिळेना, दुकानदार मीठ देईना. बायजाबाई रानातून मोळ्या आणून पारशिवनीच्या बाजारी विकायला न्यायची, अनवाणी, आणि त्यावर देवाजीची मॅट्रिक झाली. बाप रात्री हरल्यासारखा बसायचा, म्हणायचा, "एक डाव जाऊन येतो, बायजे, लेकरं उपाशी आहेत." ती म्हणायची, "पाय मोडून ठेवीन." म्हणजे शपथ घेतली बापानं, आणि पाळली आईनं. पण शपथ पाळायची तर इतकी? पोराला बापाचं तोंड दिसू नये, इतकी? आज इतक्या महिन्यांत पहिल्यांदा देवाजीच्या मनात आलं, की आईला विचारणारा मी कोण. ती एकदा गप्प बसली. मी तीन महिने गप्प आहे. तारघरात नाही सांगितलं, साहेबाला नाही सांगितलं, आज विचारणाऱ्याला तोंडावर सांगितलं की बरे आहेत. तिच्यापाशी निदान शपथ होती. माझ्यापाशी काय होतं?

प्रेमिला पोरांना घेऊन विहारात गेली होती. बायजाबाई दारापुढच्या सावलीत बसली होती आणि बाजेवर धोतर पसरून घातलेल्या मुगवड्या चिमण्यांपासून राखत होती. देवाजीनं सायकल टेकवली आणि रोजच्यासारखा आत न जाता तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिनं पाहिलं नाही. फक्त हातातली काडी फिरवायची थांबली.

"माय," तो म्हणाला.

"काय गा?"

"बाबा कसे गेले?"

एक चिमणी बाजेवर उतरली, तिनं एक वडी टोचली, आणि बायजाबाईनं तिला टोचू दिली. मग म्हणाली, "ताप होता. पाच-सहा दिवस होता. आदल्या दिवशी उतरला, पेज पेला. मले वाटलं सुधरला. पहाटे पाहतो तं उठून बसलेला. म्हने, बायजे, माही काठी दे. म्या म्हनलं, कुठी चालला? म्हने, सांगावा न्यायचा हाय, उशीर होऊन राहिला, लोक थांबले असतीन."

"कोनाचा सांगावा?"

"थेच त्याले आठवेना ना. कोन मेलं थे बी आठवेना, अन् कोन्या गावाले जायचं थे बी आठवेना. रडून राहिला होता लेकरावानी. म्हने, मी बसून राहिलो अन् तिकडं कोनाले माहीतच नाही. एक पाय बाजेखाली टाकला. अंगात तं काही नव्हतं, पन कुठून ताकद आली, मले लोटून उभा झाला. दारापावतर गेला." तिनं काडी खाली ठेवली. "मंग म्या त्याचे पाय धरले. खाली बसून धरले, असे. म्हनलं, आपन सोडलं ना थे काम? नागपूरले जाऊन, हात वर करून सोडलं ना? तं माह्याकडं पाहत राहिला. पाहत राहिला. मंग त्याले आठवलं. म्हने, हो वं, सोडलं. अन् हासला. म्हने, बरं झालं तू सांगितलं, नाही तं मी चाललोच होतो. म्या त्याले धरून बाजेवर नेलं, पाय वर घेऊन देले. मंग नाही उठला."

शेजारी कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता, बातम्या चालल्या होत्या, आणि देवाजीला एकही शब्द लागत नव्हता.

"धोंडबा आला," ती सांगत होती. "म्हने, वहिनी, बस उभी हाय, नागपूरहून देवाले घेऊन येतो. म्या तुह्या बापाच्या तोंडाकडं पाहिलं. थो हासूनच होता अजून. आत्ताच तं म्या त्याले थांबवलं होतं. मरत होता तरी जाऊ देलं नाही, मंग त्याच्याच मौतीसाठी धोंडबाले कसं धाडू? काय तोंडानं धाडू? म्हनलं, नाही. कोनी नाही जायचं." पदराच्या टोकानं बाजेच्या कडेवरची धूळ पुसत राहिली. "मंग सरन पेटलं, अन् मंग मले तू आठवला. आधी आठवलाच नाही गा. खरं सांगतो. तुहा बापच होता समोर, तू नव्हता. घरी आल्यावर आठवला. म्हनलं, हे काय करून बसली मी. देवा, सांग ना गा, चुकलं का माह्यं?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही वं माय, तुह्यं काय चुकलं, असं म्हणून उठता आलं असतं. सकाळी "बरे आहेत" म्हणाला तितकंच सोपं. देवाजीनं तिच्याकडे पाहिलं. तिचे पाय त्याला दिसले, पारशिवनीच्या बाजाराला जाऊनजाऊन टाचांना पडलेल्या भेगा, त्यांत मुगाच्या पिठाचे कण.

"चुकलं, माय," तो म्हणाला. "माह्यंही चुकलं. पन तुह्यं चुकलं."

बायजाबाईनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा. तिचा चेहरा सैल पडत गेला. "मंग असं म्हनायचं होतं ना, बापू," ती म्हणाली. "तीन महिने मी या भिंतीपाशी बसून वाट पाहून राहिली, का कोनी तरी मले म्हनंन, बायजे, तुह्यं चुकलं. तू जेवली का म्हनत होता. प्रेमिला औषध घ्या म्हनत होती. म्या काय करावं?" आणि तिनं हात पुढे करून त्याच्या डोक्यावर ठेवला, आधी हळू, मग गच्च, जणू तो उठून कुठं जाईल. "देवा," ती म्हणाली, "तुहा बाप गेला रे."

पारशिवनीकडच्या त्या गावात लहानू संक्रांतीनंतरच्या रविवारी मेला होता. इंदोऱ्याच्या या दोन खोल्यांत तो त्या दुपारी मेला. प्रेमिला पोरांना घेऊन परत आली तेव्हा मायलेक दारातच रडत बसलेले होते, आणि आळीतल्या बाया, कोण गेलं, कोण गेलं, म्हणत जमू लागल्या होत्या.